हेलपाटा, वर्दी आणि पोच

मराठीत 'हेलपाटा' असा एक शब्द आहे. ज्याने कधी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यालाच त्याची खरी चव ठाऊक. काम असते एका सहीचे. पण साहेब आले आहेत की नाहीत, कागद वरच्या टेबलावरून खाली उतरला की नाही, हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे स्वतः जाऊन विचारणे. आज गेलो, नाही. उद्या गेलो, नाही. चार दिवसांनी गेलो, तेव्हा कळले की कागद दोन दिवसांपूर्वीच तयार होऊन पडला आहे. तीन खेपांपैकी दोन फुकट गेल्या आणि तिसरी उशिरा झाली. व्यर्थ श्रम आणि इतके श्रम करूनही विलंब, असे हेलपाट्याचे दोन दोष आहेत. श्रोत्यांनी ते ध्यानात ठेवावेत, कारण पुढे जो इतिहास सांगायचा आहे तो या दोन दोषांवर उतारा शोधण्याचा इतिहास आहे.

याच्या उलट दुसरा शब्द 'वर्दी'. घटना जेथे घडली तेथूनच निरोप निघतो आणि ज्याला तो कळायला हवा त्याच्याकडे आपण होऊन जातो. गावचा पाटील रोज सकाळी घरोघर हिंडून 'तुमच्याकडे रात्री चोरी झाली काय?' असे विचारीत नसे. चोरी झाली तर जागल्या त्याला वर्दी देई. तिसरा शब्द 'पोच'. निरोप निघाला, पण पोचला काय? पोचला हे निरोप धाडणाऱ्याला कशावरून कळावे? पहिल्या दोन शब्दांतील फरक कोणालाही चटकन समजतो. तिसऱ्या शब्दाची अडचण मात्र फार खोल आहे, आणि मोठमोठ्या यंत्रज्ञांना तिने घाम फोडला आहे.

आजचा आमचा विषय असा की, इंटरनेटवर चालणाऱ्या सेवा घडलेल्या घटनेची वर्दी एकमेकींना कशा देऊ लागल्या. विषय रुक्ष आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या खिशातील फोन किणकिणतो आणि खात्यातून इतके रुपये वजा झाले हे आपल्याला कळते, तेव्हा याच इतिहासाचे फळ आपल्या हाती पडत असते. त्या किणकिणण्यावर आज कित्येकांच्या आयुष्याची पुंजी अवलंबून आहे. तेव्हा विषय यंत्राचा असला तरी प्रश्न माणसांचाच आहे.

घंटा आणि फीत

या इतिहासाचा आरंभ संगणकापासून करण्याची चाल आहे. आम्ही तो शंभर वर्षे मागे नेतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८५२ साली विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर या दोघांनी आगीची वर्दी देणारे तारायंत्र उभारले. त्याआधी आग दिसली की कोणी तरी धावत देवळाकडे जाई आणि घंटा बडवी. घंटेने आग लागली एवढे कळे. कोठे लागली ते कळत नसे. बंब घेऊन निघालेली माणसे धूर शोधीत गल्लोगल्ली फिरत. चॅनिंग-फार्मर यांनी रस्त्यांवर लोखंडी पेट्या बसवल्या. पेटीतील दांडा फिरवला की आतील दातेरी चाक तारेतील प्रवाह ठराविक क्रमाने जोडी आणि तोडी, आणि त्यामुळे त्या पेटीचा क्रमांक मध्यवर्ती कचेरीत उमटे. तेथून मग शहरातल्या घंटा वाजत. निरोप केवढा? एक आकडा. पण त्या एका आकड्यात 'काय घडले' आणि 'कोठे घडले' या दोन्हींचे उत्तर होते. चॅनिंग हे वैद्यकाचे पदवीधर. आपल्या योजनेला त्यांनी शरीरातील मज्जासंस्थेची उपमा दिली. बोटाला चटका बसला की मेंदूने विचारण्याची वाट बोट पाहत नाही!

पंधरा वर्षांनी, १८६७ साली, न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलहान याने शेअर बाजाराचे भाव कागदी फितीवर छापणारे यंत्र केले. तोवर दलालांच्या पेढ्यांतील पोरे बाजाराच्या इमारतीकडे धावत जात, भाव पाहत आणि धावत परत येत. हे शुद्ध हेलपाटेच होते. कॅलहानचे यंत्र आले आणि बाजारात भाव बदलला की तो प्रत्येक पेढीवर आपोआप टिकटिकत उमटू लागला. पुढे एडिसनने या यंत्रात मोठी सुधारणा केली.

या दोन यंत्रांत एक महत्त्वाचा भेद आहे. बोस्टनची वर्दी अनेक ठिकाणांहून एका ठिकाणी येई, तर न्यूयॉर्कची वर्दी एका ठिकाणाहून अनेक ठिकाणी जाई. एकाने अनेकांना सांगायचे म्हटले की 'कोणाकोणाला?' हा प्रश्न आलाच. ज्या पेढीने भाडे भरून यंत्र बसवले तिला भाव कळे, इतरांना कळत नसे. अर्थात वर्दीच्या आधी नोंदणी आली. वर्दी हवी असेल तर आपला पत्ता आधी कोठे तरी लिहून ठेवलेला असला पाहिजे. ही गोष्ट साधी दिसते, पण तिचे परिणाम दूरवर जातात.

यंत्राला हाक मारणे

संगणक निघाले तेव्हा हाच पेच यंत्राच्या पोटात उभा राहिला. गणित करणारा भाग विजेच्या वेगाने चाले. पण कागदी फीत वाचणारे किंवा अक्षरे छापणारे उपकरण त्या मानाने गोगलगायीच्या गतीचे. संगणकाने उपकरणाला काम सांगायचे आणि मग 'झाले काय? झाले काय?' असे क्षणाक्षणाला विचारीत दाराशी उभे राहायचे. इतके महागडे यंत्र, पण त्याचा बराच काळ उंबऱ्यावर ताटकळण्यात जाई.

यावर पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील काही यंत्रांत तोड निघाली, तिला 'इंटरप्ट' म्हणतात. यंत्राने आपले दुसरे काम चालू ठेवावे. उपकरणाचे काम झाले की त्याने घंटा वाजवावी. घंटा वाजताच यंत्राने हातातील काम जेथल्या तेथे खूण घालून बाजूला ठेवावे, उपकरणाची वास्तपुस्त करावी आणि खुणेपासून पुन्हा कामाला लागावे. सैंपाक करता करता दाराची कडी वाजली म्हणजे गृहिणी हेच करते.

ही सोय दिसते तितकी निर्धोक नाही, हे ज्यांनी आरंभीच ओळखले त्यांत एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. हॉलंडमधील एक्स-१ नावाच्या संगणकात अशी घंटा बसवण्याचे ठरले, तेव्हा त्यांना धास्तीच वाटली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. घंटा कोणत्या क्षणी वाजेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून तेच काम दोनदा केले तरी दोन्ही वेळा पायऱ्यांचा क्रम तोच राहील याची शाश्वती नाही. एखादी चूक एकदा घडते आणि शोधायला गेलो तर पुन्हा घडतच नाही. अखेर त्यांनी घंटेचे हे प्रकरण इतक्या काटेकोरपणे लावले की १९५९ सालचा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध त्याच कामावर उभा राहिला. यातून घेण्यासारखा बोध असा की, जो विचारायला जातो तो आपल्या सोयीच्या वेळी जातो. ज्याला वर्दी येते त्याने कोणत्याही क्षणी तयार असावे लागते. वर्दीने श्रम वाचतात खरे, पण त्यांच्या जागी सावधपणा द्यावा लागतो.

कॉफीचे भांडे आणि एकोणतीस लाख खेपा

आता वेबकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची योजना मांडली. तिच्यातील व्यवहाराचा संकेत अगदी साधा: वाचकाने मागावे, सर्व्हरने द्यावे आणि सर्व्हरने विसरून जावे. कोण येऊन गेला याची वही सर्व्हरने ठेवायची नाही आणि न विचारता तोंड उघडायचे नाही. या विसराळूपणाला हसू नये. वही ठेवायची नसल्यामुळेच एक सर्व्हर लाखो वाचकांना पुरा पडला आणि वेब जगभर पसरला. परंतु 'न विचारता बोलायचे नाही' या नियमाचा अर्थ असा झाला की, वेबच्या राज्यात प्रत्येक नव्या गोष्टीसाठी हेलपाटा घालणे आले.

याचे एक गमतीचे उदाहरण केंब्रिज विद्यापीठात घडले. तेथील संगणक प्रयोगशाळेत अनेकांत मिळून कॉफीचे एक भांडे होते. दूरच्या खोल्यांतून माणसे जिने चढून-उतरून येत, तो भांडे रिकामे! १९९१ साली तेथील संशोधकांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचे चित्र प्रत्येकाच्या पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था केली. १९९३ साली ते चित्र वेबवर आले आणि जगभरची माणसे ते कुतूहलाने पाहू लागली. २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. परंतु बारकाईने पाहिले तर हेलपाटा संपला होता काय? नाही. पायांचा हेलपाटा डोळ्यांवर आला, इतकेच. कॉफी तयार झाली हे भांडे सांगत नव्हते. माणसालाच वारंवार चित्राकडे पाहावे लागत होते.

माणसाचे एक बरे असते की तो कंटाळतो. यंत्र कंटाळत नाही, म्हणून यंत्राचे हेलपाटे अमर्याद होतात. २००८ सालचे एक उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. फ्लिकर या संकेतस्थळावर लोक आपली छायाचित्रे ठेवीत. फ्रेंडफीड नावाची, आता बंद झालेली, एक सेवा होती. आपल्या सभासदांनी फ्लिकरवर नवे छायाचित्र ठेवले की त्यांच्या मित्रांना ते दाखवावे, हे तिचे काम. पण नवे छायाचित्र आले हे तिला कळावे कसे? विचारून. त्या वर्षी जुलै महिन्यातील एका दिवसाचा हिशेब एका परिषदेत मांडला गेला. सुमारे ४५ हजार सभासदांसाठी फ्रेंडफीडने त्या एका दिवसात फ्लिकरकडे सुमारे २९ लाख खेपा घातल्या होत्या. आणि त्या सभासदांपैकी त्या दिवशी फ्लिकरकडे फिरकलेले होते जेमतेम ६,७०० च्या आसपास. म्हणजे शंभरातील पंच्याऐंशी माणसे तिकडे गेलीच नव्हती, तरी त्यांच्या नावाने दर वीस-पंचवीस मिनिटांनी विचारणा चालू होती. विचारणाऱ्याचे श्रम फुकट, उत्तर देणाऱ्याचे श्रमही फुकट. आणि एवढे करूनही छायाचित्र दिसायला उशीर तो उशीरच.

पत्ता ठेवून जा

यावरचा उपाय वेबच्या बाहेर आधीच सापडलेला होता. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या पेढ्यांवर शेअर-रोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांपुढे वेगवेगळ्या बातमीसंस्थांचे वेगवेगळे पडदे मांडलेले असत आणि माणूस या पडद्यावरून त्या पडद्यावर नजर फिरवीत बसे. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत शिकलेले विवेक रणदिवे यांच्या टेकनेक्रॉन कंपनीने ही माहिती एकाच प्रवाहात आणली आणि तिला 'इन्फर्मेशन बस' असे नाव दिले. यातील मुख्य कल्पना अशी की, बातमी पाठवणाऱ्याने ती कोणासाठी आहे हे लिहायचेच नाही. ती कोणत्या विषयाची आहे एवढेच लिहायचे. ज्याला तो विषय हवा त्याने नाव नोंदवावे. प्रकाशक आणि वर्गणीदार यांनी एकमेकांना ओळखण्याची गरज उरली नाही. मासिकाच्या संपादकाला आपला प्रत्येक वाचक कोठे ठाऊक असतो? पोस्ट तेवढे अंक पोचवते. याच कंपनीतून पुढे टिब्को ही कंपनी निघाली. याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठातील केन बर्मन यांच्या आयसिस योजनेतही हीच कल्पना स्वतंत्रपणे आली होती.

वेबवरील सेवांसाठी असा संकेत ठरवण्याचा प्रयत्न २००४ साली सुरू झाला. पण आरंभीच दोन तट पडले. एका तटात मायक्रोसॉफ्ट आणि तिचे सहकारी, दुसऱ्यात आयबीएम आणि तिचे सहकारी. एकाचा मसुदा 'डब्ल्यूएस-इव्हेंटिंग', दुसऱ्याचा 'डब्ल्यूएस-नोटिफिकेशन'. दुसऱ्याला २००६ साली एका मानक-संस्थेची मान्यता मिळाली, तर पहिल्याला २०११ साली दुसऱ्या संस्थेची. दोन्ही मसुदे विद्वत्तापूर्ण होते, पण फार जड होते. पंडित पंक्तिप्रपंचाचा वाद घालीत बसले आणि पाने गार झाली, तसा हा प्रकार झाला.

दरम्यान लहान माणसांनी सोपी वाट काढली. २००७ साली जेफ लिंडसे या तरुण प्रोग्रॅमरने तिला 'वेबहुक' असे नाव दिले. कल्पना एका वाक्यात सांगता येते: सारखे विचारायला येऊ नका, पत्ता ठेवून जा, घडले की आम्हीच कळवू. यासाठी नवे यंत्र लागले नाही, नवा संकेतही लागला नाही. वेबची जुनीच रीत, पण उलट्या दिशेने. आजवर जो विचारायला जात होता त्याने आता आपले दार उघडे ठेवायचे, आणि जो उत्तर देत होता त्याने आता निरोप घेऊन जायचे. पैसे जमा झाल्याची वर्दी दुकानदाराच्या सर्व्हरला देण्याची रीत पेपालने त्याआधीच पाडली होती. पण ती एका पेढीची खाजगी रीत होती. नाव मिळाले आणि ती सर्वांची झाली. २००९ साली गूगलमधील ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी अशा वर्द्या वाटणाऱ्या मध्यस्थाची योजना केली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती 'वेबसब' या नावाने वेबचे अधिकृत मानक झाली. तीत दोन शहाणपणाचे नियम आहेत. पहिला, कोणी नोंदणी मागितली की मध्यस्थाने दिलेल्या पत्त्यावर उलट विचारावे, 'ही मागणी खरोखर तुमचीच काय?', म्हणजे दुसऱ्याच्या दारात कोणी खोडसाळपणाने निरोपांचा ढीग ओतणार नाही. दुसरा, नोंदणीला मुदत असावी. नाही तर ओस पडलेल्या घरांवर वर्षानुवर्षे निरोप जात राहतील.

नोंदणीचे महत्त्व किती, हे एका दारुण घटनेने जगाला दाखवले. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळाशी भूकंप झाला. हवाईतील केंद्राला तो काही मिनिटांत कळला होता. भूकंपाचा जोर त्यांनी आरंभी कमी धरला, हे खरे. पण त्यांचे पत्रक प्रशांत महासागराच्या राष्ट्रांसाठी होते. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांना इशारा पोचवणारी व्यवस्थाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आली ती सुमारे दोन तासांनी. दोन तास म्हणजे किनाऱ्यावरून माणसाने चालत दूर जायला पुष्कळ वेळ. एकट्या भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर २००७ साली हैदराबाद येथे आपले स्वतःचे इशारा-केंद्र सुरू झाले. ज्ञान एका ठिकाणी असणे आणि ते ज्याला हवे त्याच्यापर्यंत जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधील अंतर ज्या वहीने मिटते, ती वही शांततेच्या काळातच लिहून ठेवावी लागते.

पोचले काय?

आता तिसऱ्या आणि सर्वांत अवघड शब्दाकडे येऊ. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत आणि मधल्या दरीत शत्रू आहे. दोघींनी एकदम चाल केली तर जय; एकटीने केली तर नाश. पहिला सेनापती दूताकरवी कळवतो, 'उद्या पहाटे.' दूत दरीत पकडला गेला तर? म्हणून तो पोच मागतो. दुसरा पोच धाडतो. पण पोच नेणारा दूतही पकडला जाऊ शकतो. तेव्हा पोचेची पोच, तिचीही पोच... ही साखळी कोठेच संपत नाही. १९७५ साली तीन संशोधकांनी हा पेच मांडला, आणि तीन वर्षांनी जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचे रूप दिले. सिद्धांत असा की, निरोप वाटेत हरवू शकत असेल तर कितीही पोचा घेतल्या तरी दोन्ही बाजूंना पुरती खात्री कधीच होणार नाही. ही युक्तीची उणीव नव्हे. हे गणिताने सिद्ध झालेले सत्य आहे.

मग व्यवहार कसा चालतो? आपला कायदा या बाबतीत मार्गदर्शक आहे. १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस अॅक्टाच्या २७ व्या कलमात असे तत्त्व आहे की, बरोबर पत्ता लिहून, हशील भरून, रजिस्टर टपालाने पत्र टाकले म्हणजे ते पोचले असे धरावे. मात्र पोचले नाही असे सिद्ध करण्याची वाट मोकळी असते. यंत्रज्ञांनी वेगळी वाट धरली. पोच येईपर्यंत तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडावा. याने निरोप हरवण्याचा धोका जवळजवळ जातो, पण नवा धोका येतो. निरोप पोचला, पोच मात्र हरवली, म्हणून निरोप दुसऱ्यांदा आला. तो निरोप जर 'हजार रुपये जमा करा' असा असेल तर? म्हणून प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा, आणि घेणाऱ्याने वही पाहून, आलेला क्रमांक पुन्हा आला तर पोच द्यावी पण काम पुन्हा करू नये. चोख कारकून एकाच हुंडीचे पैसे दोनदा देत नाही, ते याच न्यायाने.

दुसरा धोका तोतयाचा. दार उघडे ठेवले की कोणीही येऊन 'पैसे जमा झाले' अशी खोटी वर्दी देईल. यासाठी दोघांतच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने निरोपावर खूण करतात. जुन्या काळी खलित्यावर लाखेचा शिक्का असे, तसाच हा प्रकार.

तिसरा धोका मौनाचा. वर्दी आली नाही, याचा अर्थ काही घडले नाही असा घ्यावा की तारच तुटली असा घ्यावा? १९९९ साली अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी दूरवरच्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी 'एमक्यूटीटी' नावाचा हलका संकेत तयार केला. त्यात याला सुंदर तोड आहे. प्रत्येक यंत्राने मध्यस्थाशी जोडले जातानाच आपले मृत्युपत्र त्याच्यापाशी ठेवायचे. आणि अधूनमधून 'मी आहे' असे कळवीत राहायचे. ते कळवणे अचानक थांबले की मध्यस्थ मृत्युपत्र उघडून संबंधितांना वाचून दाखवतो. मौनालाही असा अर्थ देता येतो, मात्र तो आधी ठरलेला असावा लागतो.

येथे कोणी शंका काढील की, इतका पसारा मांडण्यापेक्षा हेलपाटाच काय वाईट? शंका रास्त आहे. विचारायला जाणाऱ्याला एक गोष्ट निश्चित ठाऊक असते, ती म्हणजे आपण विचारले आणि उत्तर हे मिळाले. वर्दीच्या भरवशावर बसलेल्याला, न आलेली वर्दी आली नाही हेसुद्धा कळत नाही. म्हणून शहाणी पेढी दोन्ही करते. दिवसभर वर्दीवर चालते आणि रात्री दुकान बंद करताना रोजमेळ घालते. वर्दी वेगासाठी आणि ताळा सत्यासाठी. आपल्या वाण्याला हे कोणा यंत्रज्ञाने शिकवावे लागले नाही.

श्रमाचा भार कोणावर?

आता घरचा मुद्दा. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने, ज्याला आपण एनपीसीआय म्हणतो, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची योजना चालू केली. पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधले महामंडळ यांच्यात क्षणार्धात निरोपांची आणि पोचांची देवघेव होते आणि भाजीवाल्या बाईच्या टोपलीशेजारचा लहानसा डबा 'चाळीस रुपये मिळाले' असे बोलतो. तो डबा आला नव्हता तेव्हा तिला गिऱ्हाइकाच्या फोनवरचे चित्र पाहून विश्वास ठेवावा लागे. आणि चित्र खोटे करणारे भामटे काही कमी नव्हते. डब्याने तिला काय दिले? घटना जेथे खरोखर नोंदली गेली तेथून निघालेली वर्दी, तीही कानाला ऐकू येणारी, म्हणजे हातातले माप खाली ठेवायला नको. वरवर खेळणे वाटणाऱ्या या डब्यात दीडशे वर्षांचा इतिहास बोलतो.

परंतु यंत्राने वर्दी देणे शक्य झाले म्हणून ती देणे कोणावर बंधनकारक होत नाही. ते कायद्याने करावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०११ साली बँकांना सांगितले की, कार्डावरचा व्यवहार कितीही लहान असो, त्याची वर्दी ग्राहकाला गेलीच पाहिजे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. ज्या लबाडीत ना बँकेची चूक ना ग्राहकाची, तिची तक्रार बँकेची वर्दी मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकाला तोशीस लागू नये, असा तो नियम. घड्याळ कधी चालू होते ते पाहा. पैसे गेले तेव्हा नव्हे, वर्दी मिळाली तेव्हा. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. पुढे २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने असे ठरवले की, पैसे वजा झाले पण पोचले नाहीत, तर ते ठरल्या मुदतीत परत यावेत. मुदत टळली तर यूपीआयच्या बाबतीत दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी. आणि ती ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, आपण होऊन द्यावी.

'आपण होऊन' हे दोन शब्द आम्हांला फार मोलाचे वाटतात. बोस्टनच्या पेटीपासून वेबहुकपर्यंत जो प्रवास आपण पाहिला त्याचे सार या दोन शब्दांत आहे. कोणी म्हणेल की हा वेगाचा इतिहास आहे. आमच्या मते हा श्रमाच्या वाटणीचा इतिहास आहे. ज्याच्याजवळ माहिती आहे त्याने सांगायला जावे, की ज्याच्याजवळ ती नाही त्याने विचारीत फिरावे? आजवर बहुधा दुबळ्यानेच खेपा घातल्या. पेढीचा पोऱ्या धावला, शेतकरी तालुक्याला गेला, म्हातारी निवृत्तिवेतनाची चौकशी करायला खिडकीपाशी उभी राहिली. ज्याच्याजवळ वही होती तो जागचा हलला नाही.

यंत्राने आता एवढे निश्चित सिद्ध केले आहे की, वहीवाल्याने सांगायला जाणे अशक्य नाही, महागही नाही. एकोणतीस लाख खेपांच्या मानाने ते पुष्कळच स्वस्त आहे. पोच घेण्याची, चूक सुधारण्याची आणि रात्री ताळा घालण्याची रीतही माहीत झाली आहे. तेव्हा यापुढे एखाद्या कचेरीच्या दारात कोणी 'उद्या या' असे म्हणाले, तर नागरिकाने रागवू नये. शांतपणे आपला पत्ता लिहून द्यावा आणि म्हणावे, 'काम झाले की कळवा. आणि कळवल्याची पोच आमच्याकडून घ्या.'